फिरत्या त्रिकोणाला पुन्हा जाग

जून २०११. फ्रान्समधल्या ल माँ इथली चोवीस तासांची शर्यत सुरू होण्याआधी रिकाम्या ट्रॅकवर एक जुनी गाडी फिरवण्यात आली. नारिंगी-हिरव्या रंगांची, ५५ क्रमांकाची माझदा ७८७बी. स्टिअरिंगवर जॉनी हर्बर्ट होता. वीस वर्षांपूर्वी, २३ जून १९९१ रोजी, याच गाडीने ३६२ फेऱ्या, म्हणजे सुमारे ४,९२३ किलोमीटर अंतर कापून ही शर्यत जिंकली होती. त्या वेळी हर्बर्ट, फोल्कर वाइडलर आणि बेर्ट्रां गाशो या तिघांनी ती आळीपाळीने हाकली. शेवटचा टप्पा हर्बर्टचा होता. गाडीतून उतरला तेव्हा अंगातलं पाणी आटून तो इतका गळून गेला होता, की विजेत्यांच्या मंचावर चढूच शकला नाही. तो मान त्याला मिळाला २०११ साली.

१९९१च्या विजयानंतर ही गाडी माझदाकडे जपून ठेवलेली होती. संग्रहालयातली वस्तू म्हणून ती अत्यंत मोलाची, पण शर्यतीच्या ट्रॅकवर पुन्हा धावायचं तर चावी फिरवून भागणारं नव्हतं. गाडी खोलावी लागली, तपासावी लागली, पुन्हा बांधावी लागली. तिच्या पोटातल्या इंजिनाला पिस्टनच नाहीत. तिथे चार त्रिकोणी रोटर एका दांड्यावर फिरतात. हे आहे रोटरी इंजिन.

अशी इंजिनं असलेल्या हजारो स्पोर्ट्स कार आज जगभरच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली, घराच्या मागच्या अंगणात उभ्या आहेत. त्यातल्या बऱ्याचशा माझदाच्याच ‘आरएक्स-७’ आणि ‘आरएक्स-८’. कुणाचं लग्न झालं, कुणाची नोकरी बदलली, कुणाला पेट्रोलचा खर्च झेपेना; गाडी ‘सध्या’ म्हणून बाजूला लावली आणि दहा-पंधरा वर्षं गेली. अशी गाडी पुन्हा चालू करण्याचं एक स्वतंत्र शास्त्र आहे. ते समजून घ्यायचं तर आधी त्रिकोणाकडे पाहायला हवं.

नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि त्या हालचालीचं चक्राकार गतीत रूपांतर करावं लागतं. फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाला मुळातच फिरणारं इंजिन हवं होतं. एनएसयू या जर्मन कंपनीत १९५७ साली त्याचा पहिला नमुना चालला. पुढे हान्स डिटर पाश्के या तिथल्याच अभियंत्याने त्याला सोपं, कारखान्यात बनवता येईल असं रूप दिलं. कंबरेत किंचित आवळलेल्या लंबगोल घरात फुगीर बाजूंचा त्रिकोण फिरतो. त्याची तिन्ही टोकं सतत भिंतीला टेकलेली राहतात, त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. एका कप्प्यात हवा-पेट्रोल शिरत असतं, दुसऱ्यात ते दाबलं जातं आणि पेटतं, तिसऱ्यातून धूर बाहेर पडतो. रोटर एक फेरी पूर्ण करतो तोवर मधला दांडा तीन फेऱ्या करतो. व्हॉल्व्ह नाहीत, त्यांच्या स्प्रिंगा नाहीत, कॅमशाफ्ट नाही. दोन रोटरच्या इंजिनात मुख्य फिरते भाग तीनच: दोन रोटर आणि एक दांडा. म्हणून इंजिन आकाराने लहान, वजनाने हलकं, आणि वेग वाढत गेला तरी त्याला थरथर अशी येत नाही. स्पोर्ट्स कार बनवणाऱ्याला आणखी काय हवं? हे छोटं इंजिन पुढच्या आसाच्या मागे, बुटकं बसवता येतं आणि गाडीचा तोल सुरेख साधतो.

खोट आहे ती त्या तीन टोकांत. प्रत्येक टोकाच्या खाचेत धातूची एक पातळ पट्टी असते, एपेक्स सील. पिस्टनला जशा रिंगा, तशी रोटरला ही सील. ती झिजली, अडकली किंवा तुटली की कप्प्यातला दाब शेजारच्या कप्प्यात निसटतो आणि इंजिन संपतं. एनएसयूने १९६७ साली आणलेली रो८० ही देखणी गाडी युरोपात ‘कार ऑफ द इयर’ ठरली, पण सीलच्या झिजेमुळे कंपनीला वॉरंटीत इतकी इंजिनं बदलून द्यावी लागली, की आर्थिक कंबरडंच मोडलं. १९६९ साली एनएसयू फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली.

हाच प्रश्न हिरोशिमात सुटला. तिथल्या तोयो कोग्यो कंपनीच्या गाड्यांचं नाव माझदा. हे नाव संस्थापकांच्या मात्सुदा या आडनावाशी जुळतं आणि अहुरा मझ्दा या पारशी धर्मातल्या देवतेचीही आठवण करून देतं. मुंबईच्या पारशी शेजाऱ्यांमुळे ते मराठी कानालाही परकं नाही. शिवाय ‘स्वराज माझदा’ची मिनीबस आणि छोटा ट्रक महाराष्ट्राच्या रस्त्यांनी वर्षानुवर्षं पाहिला आहे. १९४५च्या अणुबॉम्बमधून कंपनीचा कारखाना बऱ्याच अंशी वाचला, कारण मध्ये हिजियामाची टेकडी होती. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे तीनचाकी ट्रक पुन्हा बनू लागले. १९६०च्या सुमारास जपान सरकार छोट्या मोटार कंपन्या मोठ्यांत विलीन करण्याच्या विचारात होतं. स्वतंत्र राहायचं तर दुसऱ्या कुणाकडे नसलेलं काहीतरी हाताशी हवं, या हिशेबाने अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी या इंजिनासाठी एनएसयूशी करार केला.

पहिली इंजिनं काही तास चालली की घराच्या आतल्या भिंतीवर आडव्या ओरखड्यांची रांग उमटे. अभियंते तिला ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली सत्तेचाळीस जणांचा चमू नेमला गेला. जपानी इतिहासात गाजलेल्या सत्तेचाळीस रोनिनांशी, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराईंशी, त्यांची तुलना होऊ लागली. ओरखड्यांचं कारण निघालं सीलच्या कंपनात. भिंतीवरून सरकताना पट्टी विशिष्ट वेगाने थरथरत होती. पट्टीला आडवं भोक पाडलं की तिची कंपनसंख्या बदलते आणि ओरखडे जवळजवळ नाहीसे होतात, हे लक्षात आलं. पुढे कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाची सील तयार झाली आणि ३० मे १९६७ रोजी ‘कॉस्मो स्पोर्ट’ बाजारात आली. १९७८ साली आरएक्स-७ आली. तिच्या तीन पिढ्या २००२पर्यंत चालल्या आणि आठ लाखांवर गाड्या बनल्या. आरएक्स-८ चं उत्पादन २०१२ साली थांबलं.

आज शेडमध्ये धूळ खात उभ्या आहेत त्या बहुतेक याच गाड्या.

लांब उभ्या राहिलेल्या गाडीजवळ माणूस गेला, की पहिला मोह होतो तो नवी बॅटरी जोडून सेल मारण्याचा. साध्या इंजिनात हा उतावळेपणा कधीकधी खपून जातो. रोटरीत खपत नाही. रोटरच्या दोन्ही अंगांच्या भिंती बिडाच्या असतात. मधलं घर ॲल्युमिनियमचं, आतून पोलादी पत्र्याचं आणि त्यावर क्रोमचा कडक थर. दमट हवेत बिडावर गंज चढतो. जुना कार्बन आणि आटलेलं तेल सीलला खाचेत चिकटवून टाकतं. अशा अवस्थेत स्टार्टरने जोर लावला, की चिकटलेली पट्टी तुटते. तिचा तुकडा क्रोम खरवडत फिरतो आणि धुराड्याच्या वाटेने बाहेर पडताना टर्बोची पातीही घेऊन जातो. दहा सेकंदांच्या घाईत दुरुस्त होऊ शकणारं इंजिन भंगारात जातं.

म्हणून जाणकार माणूस चावी खिशात ठेवतो आणि पाना हातात घेतो. प्रत्येक रोटरला दोन, असे चार प्लग आधी काढायचे. खालच्या प्लगच्या भोकातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल थोडं थोडं आत सोडायचं आणि एक-दोन दिवस ते मुरू द्यायचं. मग पुढच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच, हळूहळू, हाताने फिरवायचं. अडलं तर जोर करायचा नाही. पुन्हा तेल, पुन्हा वाट. फिरू लागलं की कान प्लगच्या भोकाशी न्यायचा. निरोगी रोटर एका फेरीत तीन फुंकर मारतो, तिन्ही सारख्या जोराच्या. लागोपाठच्या दोन फुंकर मरगळलेल्या असतील तर दोन कप्प्यांमधली एपेक्स सील गेलेली असते. एकच मरगळलेली असेल तर बहुधा त्या कप्प्याकडे रोटरच्या अंगावर बसवलेली साइड सील.

कानाने जे कळलं ते मग यंत्राने मोजायचं. इथे साधा कॉम्प्रेशन गेज फसवतो, कारण त्यातला व्हॉल्व्ह तीन कप्प्यांपैकी सर्वांत चांगल्या कप्प्याचाच आकडा धरून ठेवतो. रोटरीसाठी तिन्ही कप्प्यांचा दाब वेगवेगळा दाखवणारं यंत्र लागतं, आणि आकडे मिनिटाला २५० फेऱ्यांच्या हिशेबात बसवून वाचावे लागतात. आरएक्स-७ च्या १३बी इंजिनात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६ किलो ही खालची मर्यादा मानतात आणि कप्प्या-कप्प्यांतला फरक दीड किलोच्या वर जाऊ नये अशी अपेक्षा असते. जुनी आरएक्स-७ विकत घेणाऱ्याने मीटरवरच्या किलोमीटरपेक्षा या सहा आकड्यांवर विश्वास ठेवावा.

इंजिन हाताने सुटलं म्हणजे काम झालं, असं होत नाही. टाकीतल्या जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला असतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणीही ओढून घेतं. आपल्याकडे इथेनॉलचं २० टक्के मिश्रण आलं असल्याने इथल्या उभ्या गाड्यांनाही हे लागू आहे. टाकी रिकामी करून धुवायची, फिल्टर बदलायचे, इंजेक्टर साफ करून घ्यायचे आणि इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या घालायच्या. रोटरी इंजिनाचं बॉनेटखालचं तापमान मुळातच जास्त, त्यात तडकलेल्या नळीतून पेट्रोल ठिबकलं तर गाडी पेट घेते. ही काटकसर करण्याची जागा नव्हे. तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मध्ये दोन टर्बो एकामागोमाग एक कामाला लागतात, आणि त्यांच्यावर ताबा ठेवणाऱ्या हवेच्या बारीक नळ्यांचं जंजाळ इंजिनावर पसरलेलं असतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्या काडीसारख्या ठिसूळ होतात. एक नळी तुटली तरी दुसरा टर्बो रुसतो, म्हणून मालक एखादा शनिवार-रविवार काढून साऱ्या नळ्या सिलिकॉनच्या घालतात. ब्रेकचे पिस्टन गंजून अडकलेले असतात, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असते, आणि टायर दिसायला कोरे असले तरी त्यांच्या कडेवरचे चार आकडे बनावटीचा आठवडा आणि वर्ष सांगून त्यांचं खरं वय उघड करतात.

यानंतर इंधन बंद ठेवून, प्लग काढलेले असतानाच, सेल मारून आधी तेलाचा दाब चढवायचा. मग प्लग, मग इंधन. इंजिन पेटलं की मुरवलेलं तेल जळून पांढऱ्या धुराचे लोट उठतात आणि गल्लीतली माणसं धावत येतात. पंधरा-वीस मिनिटांत धूर ओसरला तर उत्तम. ओसरला नाही, त्याला गोडसर वास आला आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले, तर पाण्याच्या वाटा बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या गेल्या आहेत आणि इंजिन खोलण्यावाचून इलाज नाही.

खोलल्यावर खरी अडचण समोर येते. पिस्टनचं इंजिन झिजलं तर बोअर मारून मोठा पिस्टन टाकता येतो. रोटरीच्या घराला ती सोय नाही. क्रोमचा थर गेला की बहुतेक वेळा घरच बदलावं लागतं. म्हणून या गाड्यांचं आयुष्य सुट्या भागांच्या पुरवठ्यावर टांगलेलं आहे. माझदाने २०२०च्या सुमारास दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ साठी बंद झालेले काही भाग पुन्हा बनवायला घेतले, ही कंपनीने आपल्या जुन्या ग्राहकांशी राखलेली इमानदारी आहे आणि तिची मनापासून दखल घ्यायला हवी. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, प्वेर्तो रिको इथे रोटरीचे कारागीर पिढीजात म्हणावे इतके मुरलेले आहेत. जपानबाहेर हे इंजिन जिवंत राहिलं ते मुख्यतः त्यांच्या हातांमुळे.

चालू झालेली गाडी टिकवण्याची रीत मराठी घरांना ओळखीची वाटेल. रोटरी इंजिन सील ओलसर ठेवण्यासाठी स्वतःचं तेल थोडं थोडं जाळत असतं. ही त्याची रचना आहे, बिघाड नव्हे. तेल सोडणारा छोटा पंप जुना झाला तर अनेक मालक टाकीतच टू-स्ट्रोकचं तेल मिसळतात, लिटरला साधारण ४ ते ८ मिलिलिटर. पेट्रोल पंपावर उभं राहून बजाज स्कूटरमध्ये लिटरला २० मिलिलिटर टू-टी ऑईल टाकून घेतलेल्या पिढीला यात नवल वाटणार नाही. थंड इंजिन चालू करून लगेच बंद केलं तर ते ‘ओव्हरफ्लो’ होतं, हीसुद्धा त्या स्कूटरवाल्यांची जुनी ओळख. म्हणून रोटरी एकदा पेटली की पूर्ण गरम होऊ द्यावी, नुसती गॅरेजमधून अंगणात काढण्यासाठी पेटवूच नये.

रोटरी संपली असं म्हणता येत नाही. २०२३ साली माझदाने एमएक्स-३० या विजेवर चालणाऱ्या गाडीत ८३० सीसीचं एकाच रोटरचं इंजिन बसवलं. ते चाकं फिरवत नाही, बॅटरीसाठी वीज बनवतं. हिरोशिमात त्रिकोण पुन्हा ओतले जात आहेत, आणि त्यांच्यासोबत ते हाताळणारी माणसंही तयार होत आहेत.

अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना या गाड्या शेजारच्या गल्लीतही भेटतात. अनेक वर्षं हललेली नाही अशी एखादी आरएक्स-७ स्वस्तात मिळत असेल, तर मालकाला ती चालू करून दाखवायला सांगू नका. प्लग काढायला सांगा, पाना मागा आणि बोल्ट स्वतःच्या हाताने सावकाश फिरवा. दोन्ही रोटरांच्या मिळून सहा फुंकर सारख्या जोराच्या ऐकू आल्या, तर ती गाडी घरी न्यायला हरकत नाही.