शून्य पायरीचा शिपाई : भूमिकाखेळातील युद्धकथेचा एक विचार

मराठीत नाटकाच्या प्रयोगाला 'खेळ' म्हणण्याची जुनी चाल आहे. तमाशाचा खेळ होतो, कळसूत्री बाहुल्यांचाही खेळच होतो. असे असूनही पटावर फासे टाकून जो खेळ मांडला जातो त्याच्याकडे वाङ्मयविचाराच्या दृष्टीने पाहावे, असे आपल्या समीक्षेला क्वचितच वाटले आहे. पट हा करमणुकीचा विषय आणि कथा हा वाङ्मयाचा, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. गेल्या पन्नास वर्षांत मात्र जगभर असा एक खेळ पसरला आहे की, ज्यात ही वाटणी टिकत नाही. त्यात फासे आहेत, सोंगट्या आहेत. परंतु खेळ संपल्यावर खेळणारांच्या हाती जे उरते ते एक कथानक असते. त्याला रूढ नाव 'रोल-प्लेइंग गेम'. प्रस्तुत लेखात 'भूमिकाखेळ' हा शब्द योजिला आहे. या खेळात काल्पनिक राज्यांतील वीरांची एक लहानशी टोळी आणि शिपायांची तुकडी यांच्या लढाईचा प्रसंग वारंवार येतो. तेवढ्या एका प्रसंगाचाच येथे विचार करावयाचा आहे. कारण या कथाप्रकाराचे सामर्थ्य आणि त्याचे वैगुण्य ही दोन्ही तेथे एकत्र दिसतात.

खेळाची रीत अशी. चार-पाच मंडळी मेजाभोवती बसतात. त्यांतील एक सूत्रधार होतो. बाकीचे भिडू एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर, कोणी वैद्य. त्या पात्राचे बळ, चापल्य, बुद्धी ही अंकांच्या रूपाने कागदावर लिहिलेली असतात. सूत्रधार प्रसंग उभा करतो : खिंड अरुंद आहे, पलीकडे मशाली हलताना दिसत आहेत. मग तो विचारतो, 'तुम्ही काय करता?' साऱ्या खेळाचा डोलारा या प्रश्नावर उभा आहे. भिडू आपल्या पात्राच्या तोंडाने उत्तर देतो, आणि जे करावयाचे ते साधेल की नाही याची शंका असेल तेथे फासा पडतो. लढाईत वारांचा क्रमही फाशानेच लागतो. ज्याची पाळी असेल तो वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात आपल्या कौशल्याचा अंक मिळवतो. ही बेरीज शत्रूच्या चिलखताच्या अंकाइतकी किंवा त्याहून अधिक झाली म्हणजे वार लागला. जखम किती खोल, हे दुसरा फासा सांगतो. तेवढे अंक शत्रूच्या 'हिट पॉइंटां'तून वजा होतात, आणि ते शून्यावर आले की तो पडला.

नाट्यविचाराच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे कवी, नट आणि प्रेक्षक हे तिघे एकाच देहात नांदतात. आपल्या दशावतारातील नटही केवळ आख्यानाची रूपरेषा घेऊन उभा राहतो आणि संवाद आयत्या वेळी रचतो. परंतु राक्षस शेवटी मरणार, हे त्याला आणि समोरच्या प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. भूमिकाखेळात शेवट सूत्रधारालाही ठाऊक नसतो. महिनोन्महिने जोपासलेला नायक एखाद्या क्षुल्लक चकमकीत फासा उलटा पडल्यामुळे मरू शकतो. कादंबरीकाराला जो अधिकार असतो तो येथे कोणापाशीच नाही.

या खेळाची वंशावळ पाहिली तर आपणांस एक ओळखीचा पूर्वज भेटतो. चतुरंग भारतातून इराणात आणि तेथून युरोपात गेले. ब्रन्सविक येथील हेल्विग याने १७८० साली बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर भूप्रदेश दाखविला आणि युद्धाचा एक खेळ तयार केला. पुढे प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी चौकटींऐवजी नकाशा आणि मोहऱ्यांच्या शह-मातीऐवजी फासे आणले. पुत्राने आपले नियम १८२४ साली प्रसिद्ध केले. या खेळात दोन्ही पक्षांच्या वर एक पंच असे, आणि सेनापतीला रणांगणावर जेवढे दिसेल तेवढेच तो त्याला सांगे. आजचा सूत्रधार तो हाच. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी मध्ययुगीन लढायांसाठी 'चेनमेल' ही नियमावली १९७१ मध्ये काढली. गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली तीन पुस्तिकांच्या रूपाने बाहेर पडला. हा आजच्या भूमिकाखेळांचा मूळपुरुष होय.

या वंशावळीतील एक तपशील वाङ्मयाच्या अभ्यासकाने विसरू नये असा आहे. 'चेनमेल'मध्ये 'वीर' या पदाची व्याख्या संख्येने केलेली आहे : वीर म्हणजे चार माणसांच्या बळाने लढणारा, महावीर म्हणजे आठांच्या. पुढे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये पात्राच्या पराक्रमाच्या पायऱ्या आल्या, तेव्हा चौथ्या पायरीला 'वीर' आणि आठव्या पायरीला 'महावीर' हीच नावे मिळाली. म्हणजे नायकाचे मोजमाप करण्याचे परिमाण सामान्य शिपाई हेच आहे. परंतु परिमाणाला स्वतःचे मोल नसते. १९७८ च्या सुधारित नियमांत साधा शिपाई 'शून्य पायरी'चा ठरला, आणि निपुण योद्ध्याला आपल्या पायरीइतके वार अशा माणसांवर एकाच पाळीत करण्याची मुभा मिळाली. सातव्या पायरीचा योद्धा शून्याच्या सात माणसांवर एका दमात तलवार चालवू शकतो. त्यांना नावे असण्याचे कारणच उरत नाही.

हे पाश्चात्त्यांचे खूळ म्हणून सोडून देता येत नाही. १७६१ च्या पानिपतानंतर पेशव्यांच्या हाती पडलेले सावकारी पत्र प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्यात विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ ही दोन मोत्ये झाली, मोठे सरदार मोहरा झाले, आणि बाकीच्यांचा हिशेब खुर्द्यात गेला. तो संकेत सावकाराचा होता, परंतु त्यातील प्रतवारी आपल्या बखरींचीही आहे. युद्धकथेला नायक हवा असतो, आणि नायक उंच दिसावा म्हणून पायाशी गर्दी हवी असते. कागदावरील कथेत हे झाकले जाते. भूमिकाखेळाने ते अंकांत मांडून उघडे केले, एवढाच फरक.

अनुवादकाला याची प्रचीती शब्दांपाशीच येते. या खेळाचे काही नियम मराठीत आणण्याचा प्रयत्न मी घरच्या मुलांसाठी केला. 'हिट पॉइंट' याला प्रथम 'प्राणांक' लिहिले, आणि लगेच खोडले. कारण नायकाच्या बाबतीत त्या अंकांत केवळ प्राण नसून दम, सावधपणा आणि दैव हीही मिळालेली असतात. शिपायाच्या चार-पाच अंकांत मात्र प्राणांवाचून दुसरे काही नसते. एकच शब्द एकाच्या बाबतीत अलंकार आणि दुसऱ्याच्या बाबतीत वाच्यार्थ ठरतो. 'शिपाई' या शब्दाचीही तीच गत. फौजेतला लढवय्या आणि कचेरीच्या दाराशी स्टुलावर बसलेला मनुष्य, दोघांनाही मराठी तोच शब्द देते, आणि दोघांनाही नावाने हाक मारण्याची गरज तिला क्वचितच वाटते.

गेल्या दिवाळीत महाराजपुरातील आमच्या घरी हा खेळ मांडला गेला. भाचा सूत्रधार झाला होता. जबलपूरची मुले परकीय राक्षसांपेक्षा गावच्या इतिहासात अधिक रमतील, या हिशेबाने त्याने १५६४ सालचा प्रसंग घेतला होता. कड्याचा सुभेदार आसफखान अकबराची फौज घेऊन गढा-मंडल्यावर चालून आला आणि नर्रईच्या नाल्याजवळ राणी दुर्गावती त्याच्याशी लढता लढता पडली, तो हा प्रसंग. भिडू राणीच्या बाजूचे चौघे. समोर खिंडीत आसफखानाचे बारा शिपाई, म्हणजे काचेच्या बारा गोट्या. चार पाळ्यांत आठ गोट्या उचलल्या गेल्या. नवव्याच्या छातीवर भाला रोखलेला असताना माझ्या धाकट्या भाचीने फासा हातातच धरला आणि विचारले, 'दादा, ह्याचं नाव काय?'

सूत्रधार म्हणाला, 'त्याला नाव नाही. त्याचे दोन उरलेत. टाक फासा.'

'मग मी त्यालाच विचारते.'

नियमाने हे चालते. पात्र बोलू शकते, आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे सूत्रधाराला भाग असते. तो गडबडला. थोड्या वेळाने म्हणाला, 'पीरू. कड्याचा आहे. गंगेच्या काठी त्याची वाडी आहे.' भाचीचे वडील फौजेत आहेत, हे येथे सांगितले पाहिजे. तिने पुढे विचारले, 'घरी कळवलंय का त्याने?' मेजाभोवती कोणी बोलेना. १९८१ च्या नियमपुस्तकात शत्रूचे धैर्य फाशाने अजमावण्याचा एक नियम होता. पुढच्या काही आवृत्त्यांतून तो गळून पडला. भाच्याला तो ठाऊक होता. त्याने दोन फासे टाकले, आणि पीरूने तलवार खाली ठेवली. उरलेल्या तीन गोट्यांपुढे आता वार करावयास कोणाचा हात उचलेना. योद्धा झालेला मुलगा चिडला. वेळ फुकट गेला असे त्याचे म्हणणे, आणि डावाच्या दृष्टीने ते खरेही होते. खिंड हातची गेली. परंतु रात्री जेवताना मुले पहिल्या आठांविषयी अवाक्षर बोलली नाहीत; पीरू कड्याला पोहोचला असेल काय, यावरच त्यांचा वाद चालला होता.

माझ्या मते या कथाप्रकाराचा वाङ्मयीन गाभा येथे आहे. छापील युद्धकथेत वाचक शिपायाचे नाव विचारू शकत नाही. विचारले तरी पुस्तक उत्तर देणार नाही. पोवाडा ऐकणाराही शाहिराला मध्येच थांबवीत नाही. भूमिकाखेळात मात्र ऐकणाराला कथा अडविण्याचा हक्क असतो, आणि सांगणाराला त्याचे देणे फेडावे लागते. ज्या नियमांनी शिपायाला शून्य केले, त्याच खेळाने त्या शून्याला बोलते करण्याची वाटही ठेवली आहे. ती वाट बहुतेक वेळा कोणी चोखाळत नाही. मेजावर विजयाची घाई असते. हे वैगुण्य खेळणारांचे आहे तितकेच आपण त्यांना ज्या कथा ऐकविल्या त्यांचेही आहे.

महाराजपुराहून आधारताल जवळच आहे. राणीताल, आधारताल आणि चेरीताल ही तिन्ही नावे त्याच काळाशी जोडून सांगण्याची इकडे परंपरा आहे : एक राणीचे, दुसरे तिच्या दिवाणाचे, तिसरे तिच्या दासीचे. चेरी म्हणजे दासी. निदान तिचे पद तळ्याला मिळाले. शिपायांचे तळे नाही. मात्र स्लीमनने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात नर्रईची एक लोकसमजूत नोंदविली आहे : राणीच्या समाधीजवळचे दोन मोठे गोल धोंडे म्हणजे तिचे दगड झालेले नगारे होत, आणि मध्यरात्री ते वाजू लागले म्हणजे पडलेल्या योद्ध्यांना हाक जाते. महाराष्ट्रातील गावोगावचे वीरगळही बहुधा नावावाचूनच उभे आहेत. परंतु तेथे निदान एकेका माणसासाठी एकेक दगड घडविला गेला. लोकपरंपरेला ही उणीव जाणवली होती, असे यावरून म्हणावयास हरकत नाही.

भूमिकाखेळ मराठीत आज ना उद्या रुजेल, आणि त्याची परिभाषाही आपणांस घडवावी लागेल. ती घडविताना 'शून्य पायरी' हा शब्द जसाच्या तसा उचलावा की नाही, याचा निर्णय मी अद्याप केलेला नाही. माझ्या हस्तलिखितात त्या जागी भाचीने पेन्सिलीने 'पीरू' असे लिहून ठेवले आहे, आणि ते मी अजून खोडलेले नाही.