सासूबाई आणि पाणकोंबडी
गुडघे दुखतात म्हणून सासूबाई येणारच नव्हत्या. ‘पक्षी काय, अंगणात चिमण्या आहेत की!’ तरी नेलंच त्यांना. निफाड तालुक्यातलं, गोदावरी-कादवा संगमावरचं नांदूर मधमेश्वर २०१९ मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. बंधाऱ्यात गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं नि पक्ष्यांचं फावलं. चापडगावच्या बाजूने झाडांतून पायवाट जाते. मैत्रिणींनो, हिवाळ्यात भल्या सकाळी जा, भडक कपडे नकोत. (आणि गप्पा नंतर!) मनोऱ्यापाशी पोचलो, तर सासूबाई मागे दिसेनात. छातीत धस्स झालं. धावत परतले. बाभळीखाली उभ्या, समोर जांभळी पाणकोंबडी. मलाच दटावलं, ‘हळू गं, उडून जाईल ती!’