सुई बदलली, चमचा तोच

धुळ्याजवळ मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना भेटतात. ट्रकचालक हा एचआयव्ही प्रतिबंधाच्या सरकारी कार्यक्रमातला ठरलेला गट. पण ढाब्यावर फॉर्म घेऊन साहेब आले, की माणूस त्यांना हवं तेच उत्तर देतो. म्हणून प्रश्न ठरवण्यापासून निष्कर्ष मांडण्यापर्यंत त्याच वस्तीतली माणसं असावीत, हा लोकसहभागी संशोधनाचा आग्रह. सांगलीत १९९२ साली ‘संग्राम’ या संस्थेचं काम याच वाटेने सुरू झालं; तिथे देहविक्रय करणाऱ्या बायकांनीच निरोध वाटपाची जबाबदारी उचलली. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना, ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’, उभी राहिली.

नशेचं इंजेक्शन घेणाऱ्यांबाबतही तेच. त्यांच्यात बसल्यावर कळतं, की सुई प्रत्येकाची वेगळी असली तरी औषध विरघळवायचा चमचा, गाळायचा कापूस आणि पाणी सगळ्यांचं एकच असतं. हिपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा यकृताचा आजार त्यातूनही पसरतो. मग नव्या सुया देणं, नशेच्या इंजेक्शनऐवजी जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देणं, हे उपाय येतात. नशा सुटेपर्यंत माणूस जगला तर पाहिजे! हिपॅटायटिस सी बहुतेकांचा गोळ्यांनी साधारण १२ आठवड्यांत बरा होतो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात उपचार मोफत आहेत.

अशा सुया-गोळ्या देणाऱ्याला पूर्वी पोलिसांची धास्ती असे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने धोका कमी करणारे हे उपाय गुन्हा ठरत नाहीत. तपासणी असो वा संशोधन, नीट समजावून घेतलेली संमती हवीच. एचआयव्हीबद्दल शंका असल्यास १०९७ या हेल्पलाइनवर मोफत विचारता येतं.