घरच्या घरी पार्लरसारखा ब्लो ड्राय: गरम हवा नाही, टिकणारं काम विका



ब्लो ड्रायचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "ताई, केस छान सेट होतात, पण तासाभरात बसतात. ड्रायर कुठला घेऊ?" उत्तर आधीच सांगते. बहुतेक वेळा चूक ड्रायरची नसतेच. मग कशाची असते, ते आज नीट लिहून देते. म्हणजे व्हिडिओ थांबवून थांबवून वहीत उतरवत बसायला नको.

आधी माझीच फजिती ऐका. बीबीए झाल्यावर मी पार्लरच्या सामानाचं दुकान टाकलं. दुकान रुळेपर्यंत जोडधंदा म्हणून घरी जाऊन हेअर सेटिंगची कामं घ्यायचे. पहिली मोठी ऑर्डर एका साखरपुड्याची. मे महिना, समुद्राजवळचं गाव, घरात पाहुण्यांची गर्दी. मुलीचे केस कमरेपर्यंत आणि दाट. तासाभरात आटपायचं म्हणून मी ड्रायर फुल गरम, फुल जोरात लावला. आरशात केस असे दिसत होते की मुलीची आईसुद्धा खूश. आणि अंगठ्या घालेपर्यंत? मागचे केस पार सपाट, वरचे फुगलेले. फोटो मात्र जन्मभराचे! त्यांनी भांडण केलं नाही, ठरलेले सगळे पैसे दिले. फक्त लग्नाच्या वेळी मला बोलावलं नाही. हातातून गेलेलं ते लग्नाचं काम ही मी भरलेली सगळ्यात महाग फी.

केस का बसतात?

सुती शर्टाला इस्त्री करताना आपण पाणी का शिंपडतो? ओलसर कापड वळतं, आणि वाळताना ज्या आकारात असतं तो आकार धरतं. आणि इस्त्री झाल्याबरोबर गरम शर्ट कोंबून ठेवला तर? सगळ्या चुण्या पुन्हा बसतात.

केसांचंही तसंच आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्यात हायड्रोजन बंध नावाचे बारीक बारीक जोड असतात. पाणी लागलं की ते सुटतात, पाणी निघून गेलं की पुन्हा जुळतात. जुळताना केस ब्रशवर गोल असेल तर गोल, सरळ असेल तर सरळ. यातून दोन नियम निघतात:

१. केस आतपर्यंत वाळला पाहिजे. वरून कोरडा आणि आतून ओलसर राहिला, तर तो उरलेला ओलावाच आकार मोडतो.
२. केस त्या आकारात असतानाच थंड झाला पाहिजे. गरम बट ब्रशवरून ओढून काढली की तिच्या वजनानेच ती खाली येते.

माझ्या साखरपुड्याच्या ऑर्डरमध्ये मी दोन्ही नियम मोडले होते. हवा भरपूर होती, धीर नव्हता. शिवाय समुद्राकाठच्या दमट हवेतलं पाणी केस ओढून घेतात, त्यामुळे तिथे अर्धवट काम लगेच उघडं पडतं.

सामान: काय घ्यायचं, काय सोडायचं

तुमच्यासमोर तीन प्रकार येतील.

पहिला, साधा ड्रायर आणि राउंड ब्रश. शिकायला वेळ लागतो, पण सगळ्या प्रकारच्या केसांवर चालतो. धंदा करायचा असेल तर सुरुवात इथूनच करा.

दुसरा, हॉट एअर ब्रश. यात ब्रशच्या आतूनच गरम हवा येते, एक हात मोकळा राहतो. स्वतःचे केस स्वतः करायला फार सोयीचा. पण त्याचा जोर कमी असतो. ओल्याचिंब दाट केसांवर लावलात तर वेळ जातो आणि हात भरून येतो. केस बरेचसे वाळल्यावरच वापरा.

तिसरा, डायसनच्या एअररॅपसारखं साधन. हे २०१८ मध्ये बाजारात आलं. वाहती हवा वळणदार पृष्ठभागाला चिकटून जाते, याला कोअँडा परिणाम म्हणतात. त्या हवेनेच केस नळीभोवती गुंडाळला जातो. वस्तू उत्तम, पण किंमत पाच आकडी. दहा कस्टमर नसताना कर्ज काढून घ्यायची वस्तू नाही ती.

ड्रायर घेताना चार गोष्टी बघा: वेग आणि उष्णता वेगवेगळी कमी-जास्त करता येते का, थंड हवेचं बटण आहे का, चपटं नोझल सोबत येतं का, आणि मागची जाळी काढून साफ करता येते का. जाळीत केस-धूळ साचली की हवा अडते, ड्रायर तापतो आणि मध्येच बंद पडतो.

आता विजेचं. २००० वॅटचा ड्रायर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. घरातले साधे छोटे सॉकेट ६ अँपिअरचे असतात. म्हणून कस्टमरकडे गेल्यावर पहिला प्रश्न मेकअपचा नाही, "१६ अँपिअरचा मोठा प्लग कुठे आहे?" हा विचारा. मोबाइल चार्जरच्या स्वस्त एक्स्टेंशनवर ड्रायर लावायचा नाही म्हणजे नाही. जाड वायरचं चांगलं एक्स्टेंशन स्वतःच्या बॅगेत ठेवा.

बाकी सामान: मोठा आणि मध्यम राउंड ब्रश, पॅडल ब्रश, शेपटीचा कंगवा, सहा-आठ सेक्शन क्लिपा, मोठे वेल्क्रो रोलर, हीट प्रोटेक्टंट स्प्रे आणि दोन जुने सुती टी-शर्ट. हो, टी-शर्ट. खरबरीत टॉवेलने घासण्यापेक्षा टी-शर्टने केस दाबून टिपले की ते कमी विस्कटतात. ब्रशचं माप लक्षात ठेवा: लहान ब्रशने वळण घट्ट येतं, मोठ्याने केस फुगीर आणि सैल वळणाचे दिसतात.

धुण्यातच निम्मं काम

आपल्याकडे तेल लावलेले केस घेऊन बसणाऱ्या कस्टमर खूप. तेल राहिलं तर केस जड होतात आणि मुळाशी फुगत नाहीत. दोनदा शाम्पू करायला लावा. कंडिशनर फक्त मधल्या भागाला आणि टोकांना, टाळूला नाही. घरी बोअरचं जड पाणी असेल तर केस राठ लागतात, तेव्हा शेवटी साध्या पिण्याच्या पाण्याचा एक तांब्या ओता.

आता कृती

पायरी १: टिपणं. केस टी-शर्टमध्ये दाबून पाणी काढा. थेंब गळायचे थांबले की हीट प्रोटेक्टंट मारा आणि मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर गुंता सोडवा.

पायरी २: कच्चं वाळवणं. नोझल काढून ठेवा. मध्यम उष्णता, जोरदार हवा. मान खाली घालून बोटांनी मुळं उचलत वाळवा. ड्रायर साधारण १५ सेंटिमीटर लांब आणि सतत हलता ठेवा. २०११ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ड्रायर जसजसा जवळ आणि गरम, तसतसं केसाच्या पृष्ठभागाचं नुकसान वाढलं. १५ सेंटिमीटरवर, हलवत वाळवलं तेव्हा ते कमी राहिलं. केस दहातले सात-आठ आणे... म्हणजे तीन चतुर्थांश वाळेपर्यंत ब्रशला हात लावायचा नाही. नवशिके इथेच घाई करतात, चिंब केसांवर ब्रश फिरवतात आणि दमतात.

पायरी ३: भाग पाडणं. कपाळावरचा एक, दोन्ही बाजूंचे दोन, मागचा एक, असे चार भाग करून क्लिपा लावा. केस दाट असतील तर मागच्याचे आडवे दोन करा. सुरुवात मानेजवळून. एका वेळी घ्यायची बट ब्रशच्या रुंदीपेक्षा मोठी नको.

पायरी ४: ब्रश आणि हवा. आता नोझल लावा. ब्रश बटेच्या खालून मुळाशी घाला, थोडा ताण द्या. हवा नेहमी मुळाकडून टोकाकडे. केसावर कौलांसारखे बारीक थर असतात, त्यांची तोंडं टोकाकडे असतात. हवा त्याच दिशेने गेली की थर बसतात आणि चमक येते. उलटी गेली की केस पिंजारतात. नोझल केसाला टेकवायचं नाही, एका जागी थांबवायचं नाही. टोकाशी पोचल्यावर ब्रश दोन वेढे गुंडाळा.

पायरी ५: थंड करणं. माझी चूक हीच होती. बट ब्रशवरच ठेवून थंड हवेचं बटण दाबा आणि हाताला ती कोमट नव्हे, गार लागेपर्यंत थांबा. किंवा गरम बट गुंडाळून वेल्क्रो रोलरमध्ये ठेवा आणि पुढच्या बटेकडे वळा. रोलर थंड होतात तोवर तुमचं पुढचं काम होतं. वेळ वाचवायचा तर इथे असा वाचवा.

पायरी ६: शेवट. सगळे केस गार झाल्यावरच रोलर काढा, बोटांनी मोकळे करा, सिरमचे दोन थेंब तळहातावर चोळून फक्त टोकांना लावा.

हे चालणार नाही

ब्रश अडकला तर ओढू नका. ड्रायर बंद करा, शेपटीच्या कंगव्याने थोड्या थोड्या बटा सोडवा. धातूचा राउंड ब्रश खूप तापतो, तो कानाला आणि मानेला लागू देऊ नका. टाळूवर जखम किंवा पुरळ असेल तर काम पुढे ढकला. रंगवलेल्या किंवा स्मूदनिंग केलेल्या केसांना उष्णता कमी ठेवा. प्रत्येक कस्टमरनंतर ब्रश-कंगवे केस काढून साबणाच्या पाण्याने धुवा. एका घरातल्या उवा दुसऱ्या घरी नेल्यात, तर तोंडी जाहिरात होईल, पण उलटी.

दर कसा लावायचा?

आता आपला खरा विषय. समजा ड्रायर, ब्रश, क्लिपा मिळून ५,००० रुपये गेले आणि ते २५० कामं टिकतील असं धरलं. एका कामामागे २० रुपये. शाम्पू, स्प्रे, सिरम ३० रुपये. रिक्षा जाऊन-येऊन ८० रुपये. झाले १३० रुपये. मग बहुतेक जणी म्हणतात, "२५० घेते, १२० सुटले!"

थांबा. काम सव्वा तासाचं, जाणं-येणं पाऊण तासाचं, म्हणजे दोन तास. तासाला सुटले ६० रुपये. तुमच्या तासाची किंमत तुम्ही २०० ठरवली असेल तर दर ५३० पाहिजे. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे घाला, पण वेळेचा रकाना रिकामा ठेवू नका. तो रिकामा ठेवला की तुम्ही घाई करता, घाई केली की केस ओलसर राहतात, आणि मग माझ्या साखरपुड्यासारखं होतं. चुकीचा दर शेवटी केसांत दिसतो.

आणि कस्टमरशी खरं बोला. जुलैत मुंबई-कोकणात मोकळे केस दिवसभर राहतील असं वचन देऊ नका. सांगा, "फोटोपर्यंत मोकळे ठेवू, नंतर अंबाडा घालून गजरा लावू." एकाऐवजी दोन कामांचे पैसे मिळतात आणि शब्दही राहतो.

"नुसत्या ब्लो ड्रायवर धंदा होतो का?" असंही विचारता. अमेरिकेत अ‍ॅली वेब नावाच्या बाईंनी आधी घरोघरी जाऊन ब्लो ड्राय करून दिले. मग २०१० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ड्रायबार हे दुकान काढलं. तिथे केस कापायचे नाहीत, रंगवायचे नाहीत, फक्त ब्लो ड्राय. पुढे त्याच्या शाखा झाल्या, स्वतःची उत्पादनं निघाली. आपलं गाव लॉस एंजेलिस नाही, मान्य. पण सुरुवात तीच आहे: एक बॅग, एक ड्रायर आणि दुसऱ्याच्या घरचा आरसा.

या आठवड्याचा गृहपाठ: घरातल्या तीन डोक्यांवर फुकट ब्लो ड्राय करा. एक पातळ केसांचं, एक दाट, एक कुरळं. प्रत्येकाचा फोटो लगेच, दोन तासांनी आणि सहा तासांनी काढा. वहीत लिहा: किती मिनिटं लागली, कुठला भाग आधी बसला. जो भाग आधी बसला, तिथे तुम्ही घाई केली होती. तिन्ही डोक्यांचा सहा तासांचा फोटो बघण्यासारखा आला की पहिली पैशांची ऑर्डर घ्या. आणि मग तो फोटो मला जरूर पाठवा. लगेचचा नको, सहा तासांनंतरचा!