किआप: एका माणसाचे सरकार

पापुआ न्यू गिनीवर ऑस्ट्रेलियाचा अंमल होता, त्या काळात डोंगरातल्या गावाला सरकार दिसे ते एका माणसाच्या रूपात. कागदोपत्री त्याचा हुद्दा पेट्रोल ऑफिसर, म्हणजे गस्त अधिकारी; टोक पिसिन या संपर्कभाषेत सगळे त्याला किआप म्हणत. शिरगणती करणारा तोच, कर गोळा करणाराही तोच. गुन्हेगाराला पकडून त्याचा खटला तोच चालवी, शिक्षा फर्मावी आणि तुरुंगही सांभाळी. रस्ता आखणे, पूल बांधणे, विमानासाठी धावपट्टी तयार करून घेणे हेही त्याच्याकडेच. मामलेदार, फौजदार, न्यायाधीश आणि ओव्हरसियर अशी चौघांची कामे एकट्यावर सोपवणारी ही व्यवस्था १९७५ पर्यंत, शेवटी शेवटी बऱ्याच बदललेल्या रूपात, टिकली.

तिची मुळे ऑस्ट्रेलियाच्या आधीच्या दोन राजवटींत आहेत. १८८४ मध्ये न्यू गिनी बेटाच्या पूर्व अर्ध्या भागाची वाटणी झाली. ईशान्य भाग आणि बिस्मार्क द्वीपसमूह जर्मनीकडे गेला, आग्नेय भाग ब्रिटनने संरक्षणाखाली घेतला. ब्रिटिश भागाचा प्रशासक विल्यम मॅकग्रेगर याने आधी फिजीत नोकरी केली होती. १८९० मध्ये त्याने सशस्त्र देशी पोलीस दल उभे केले, तेव्हा पहिले शिपाई फिजी आणि सॉलोमन बेटांतून आणले. पुढे पापुआतले तरुण भरती होऊ लागले, पण शिपायाला शक्यतो त्याच्या मुलखाबाहेर नेमायचे, हा दंडक राहिला. गावपातळीवर मॅकग्रेगरने गावचा कॉन्स्टेबल नेमला. गावातलाच एक माणूस सरकारी गणवेश घालून हुकूम कळवी आणि बातमी पोचवी.

जर्मन भागात आल्बर्ट हाल या अधिकाऱ्याने लुलुआई हे पद रूढ केले. लुलुआई म्हणजे सरकारमान्य गावप्रमुख. खुणेची टोपी आणि काठी त्याला सरकारातून मिळे. रस्त्याच्या कामाला गावकरी लावायचे हे त्याच्याकडे असे. या पद्धतीचे सर्वांत ठळक उदाहरण न्यू आयर्लंड बेटावर दिसते. काव्हिएंगचा जिल्हाधिकारी फ्रान्झ बोलुमिन्स्की याने १९०० पासून पूर्व किनाऱ्याने प्रवाळाच्या चुऱ्याचा रस्ता बांधायला घेतला. प्रत्येक गावाला आपल्या हद्दीतला तुकडा बांधून तो नीट ठेवावा लागे. तुकडा खराब निघाला, तर त्या गावकऱ्यांना साहेबाची गाडी खांद्यावर उचलून न्यावी लागे, अशी कथा आजही सांगितली जाते. बोलुमिन्स्की १९१३ मध्ये वारला. रस्त्याला आजही त्याचेच नाव आहे.

१९०६ मध्ये ब्रिटिश भाग ‘पापुआ’ या नावाने ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात आला. जर्मन भाग ऑस्ट्रेलियाने १९१४ च्या युद्धात जिंकला आणि १९२१ पासून राष्ट्रसंघाच्या वतीने सांभाळला. पापुआत ह्यूबर्ट मरे १९०८ पासून १९४० मध्ये मृत्यू येईपर्यंत लेफ्टनंट गव्हर्नर होता. मुलूख बंदुकीने जिंकण्याऐवजी गस्तीने हळूहळू अमलाखाली आणावा, पोलिसांनी स्वसंरक्षणाखेरीज गोळी झाडू नये, हे त्याचे धोरण. ते प्रत्येक वेळी पाळले गेले नाही. १९३५ मध्ये जॅक हाइड्स आणि जिम ओमॅली स्ट्रिकलंड ते पुरारी या नद्यांमधला प्रदेश ओलांडत असताना अन्नटंचाई आणि चकमकींत अनेक स्थानिक लोक गोळ्यांनी मारले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन्ही प्रदेशांचा कारभार एकत्र करण्यात आला आणि १९४९ च्या कायद्याने ती रचना पक्की झाली.

गस्त हा या कारभाराचा कणा होता. किआप, काही शिपाई, दुभाषा आणि भारवाहकांची रांग असा तांडा ठाण्यावरून निघे. पत्र्याच्या पेट्या बांबूला अडकवून दोघे दोघे वाहून नेत. अनेक गावांत किआपसाठी एक झोपडी राखून ठेवलेली असे. गावकऱ्यांना ओळीने उभे करून वहीतली नावे वाचली जात. जन्म, मृत्यू आणि मजुरीसाठी बाहेर गेलेले पुरुष यांची नोंद होई. मग शौचकूप, घरे, वाटा यांची तपासणी आणि शेवटी तक्रारी. आठशेहून अधिक भाषांच्या या देशात एका वाक्याचे दोन-तीन दुभाष्यांमार्फत भाषांतर होणे नेहमीचे होते. दुभाष्याने काय गाळले आणि काय घातले, हे किआपला क्वचितच कळे.

प्रत्यक्ष सत्ता बरीचशी शिपायांच्या हाती होती. वाट शोधणे, अन्नाची देवघेव, पहारा आणि अटक ही कामे तेच करत. दूरच्या चौक्यांवर ते एकटेच राहत, तिथे त्यांच्यावर देखरेख करणारे कोणी नसे. इतिहासकार ऑगस्ट किटुआई यांनी जुन्या शिपायांच्या मुलाखतींतून लिहिलेल्या पुस्तकात त्यांचे धाडस आणि त्यांनी केलेली जबरदस्ती दोन्ही नोंदलेली आहेत. हे शिपाई स्वतःही राबवले जाणारे नोकर होते. जानेवारी १९२९ मध्ये राबाउल शहरात सुमारे तीन हजार मजुरांनी पगारवाढीसाठी संप केला. त्याचे पुढारी होते जहाजावरचा कप्तान सुमसुमा आणि पोलीस दलातला सार्जंट-मेजर एन्ड्रामेई. शहरातले बहुतेक पोलीस संपात सामील झाले. संप लगेच मोडला आणि पुढाऱ्यांना तुरुंगात जावे लागले. पोलिसातून पुढे आलेल्यांत पिटा सिमोगुन यांचेही नाव घ्यावे लागते. सेपिक भागातले हे शिपाई महायुद्धात जपान्यांविरुद्ध लढले आणि १९५१ मध्ये विधान परिषदेचे सदस्य झाले.

किआपचे न्यायालय म्हणजे बहुधा मैदानात मांडलेले एक टेबल. वकील नसे. डुकरांनी केलेली नासधूस, जमिनीची हद्द, वधूमूल्य, व्यभिचार, मारामारी, जादूटोण्याचे आरोप असे दावे येत. ही न्यायालये सहा महिन्यांपर्यंत कैद देऊ शकत. खुनासारखे गुन्हे सर्वोच्च न्यायालयाकडे जात. तपास करणारा आणि निकाल देणारा एकच, हा उघड दोष होता. पण निकाल त्याच दिवशी आणि घटनेच्या जागी लागे, म्हणून लोक भांडणे घेऊन येत. न्यायाधीश उठून गेला की लुलुआई किंवा शिपायांसमोर आपसांत तडजोडी होत. कायद्याने त्यांना तसा अधिकार नव्हता, तरी लहानसहान वाद तिथेच मिटत.

इथेच पोलिसी कारभार बांधकामाला जोडला जाई. कैद्यांना ठाण्याभोवतीचे गवत कापायला, खडी वाहायला आणि रस्ता खणायला लावले जाई. पण कैद्यांची संख्या मोजकीच असे. मोठा भार गावांवर पडे. डोंगराळ भागात आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, सरकारी कामाचा ठरलेला असे. गैरहजर राहणाऱ्याला तोच किआप खटला भरून शिक्षा देई. अशा रीतीने न्यायालयामुळे रस्ता तयार होई, आणि तयार झालेल्या रस्त्याने पोलीस आणखी आत पोचत.

डोंगराळ प्रदेशात आधी धावपट्टी आली आणि मग रस्ता. १९३३ मध्ये जिम टेलर हा अधिकारी आणि सोने शोधणारे लीही बंधू माउंट हेगनच्या खोऱ्यात पोचले, तेव्हा शेकडो लोकांना नाचवत जमीन घट्ट करून धावपट्टी तयार झाली. मोबदला म्हणून शिंपले आणि पोलादी कुऱ्हाडी दिल्या जात. शिंपल्यांना तिथे मोठे मोल होते, म्हणून ते विमानाने आणले जात. १९५० च्या दशकात गोरोकापासून पश्चिमेकडे फावडी, पहारी आणि खणायच्या काठ्यांनी रस्ते कोरले गेले. अनेक किआपांना अभियांत्रिकीचे शिक्षण नव्हते. उतार मोजायचे हातातले छोटे यंत्र आणि डोळ्यांचा अंदाज यांवर आखणी चाले. काही टोळ्यांत रस्ता आधी कोण पुरा करतो याची चढाओढही लागली, कारण रस्त्याने कॉफी विकता येणार होती. १९६० च्या दशकात लाए बंदरापासून कसाम आणि दाउलो या खिंडींतून माउंट हेगनपर्यंतचा मार्ग जोडला गेला. पुढे यंत्रांनी तो रुंद केला. हायलँड्स हायवे म्हणून आज ओळखला जातो तो हाच.

या सत्तेला विरोध झालाच. नोव्हेंबर १९५३ मध्ये तेलेफोमिन भागात दोन गस्त अधिकारी आणि दोन शिपाई मारले गेले. १९७१ मध्ये पूर्व न्यू ब्रिटनचा जिल्हा आयुक्त जॅक इमॅन्युएल याचा भोसकून खून झाला. तिथल्या तोलाई लोकांची जमीन आणि बहुवंशीय परिषद यांवरून माताउंगान संघटनेचे आंदोलन त्या वेळी पेटलेले होते. दोन्ही ठिकाणी राग अधिकाऱ्यांवर निघाला, कारण सरकार म्हणून समोर तेच होते.

कायदेतज्ज्ञ डेव्हिड डरहॅम यांनी १९६० च्या अहवालात पोलीस, न्यायालये आणि प्रशासन वेगळे करण्याची शिफारस केली. त्यानंतर पोलीस दल स्वतंत्र झाले आणि १९६३ च्या कायद्याने स्थानिक न्यायालये आली. रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आणि कंत्राटदारांकडे गेले. निवडून आलेल्या स्थानिक परिषदांनी लुलुआईंची जागा घेतली. १९७३ मध्ये ग्राम न्यायालयांचा कायदा झाला. त्यात गावचेच लोक रूढीनुसार छोटे दावे मिटवू लागले. १६ सप्टेंबर १९७५ रोजी देश स्वतंत्र झाला, तोवर बहुतेक ऑस्ट्रेलियन किआप परतले होते. ऑस्ट्रेलियाने २०१३ मध्ये त्यांच्या पोलिसी सेवेची दखल घेऊन पदके दिली.

डोंगराळ प्रांतांत १९७० च्या दशकात टोळीयुद्धे पुन्हा उसळली आणि १९७९ मध्ये तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली. तात्काळ निकाल देणारा अधिकारी गेला म्हणून असे झाले, असे काहींचे मत आहे. इतरांच्या मते किआपने वैर मिटवले नव्हते, केवळ दाबून ठेवले होते. जमिनीचे जुने वाद तसेच उरले होते, हे मात्र दोन्ही बाजू मान्य करतात. व्यवस्था गेली, तरी तिने वसवलेली ठाणी जिल्ह्यांची मुख्यालये झाली, आणि डोंगरातली कॉफी आजही त्याच रस्त्याने बंदराकडे जाते.