परिक्रमेचे सामान

जबलपूरच्या ज्या गढा भागातून मदनमहालाची टेकडी नजरेस पडते आणि जेथील गोंडांचे राज्य 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांच्या अमलाखाली गेले, तेथील एका मराठी घराच्या अंगणात, मोटरसायकलीवरून नर्मदा-परिक्रमेस निघालेल्या तरुणाची बांधाबांध पाहण्याचा योग मला आला.

पायी परिक्रमावासी झोळी-कमंडलूवर भागवतो. दुचाकीवरील यात्रेकरूस मात्र भाराचे निष्ठुर शास्त्र सांभाळावे लागते. पाने, सुटे भाग, चेनचे तेल अशा जड वस्तू त्याने दोन्ही अंगांच्या कॅनव्हासच्या पिशव्यांत तळाशी आणि आसनाच्या निकट ठेवल्या. कारण वजन जितके उंच व मागे सरकते, तितके पुढचे चाक हलके होऊन वळणावर गाडी हुकूम मानीनाशी होते. नियमाला अपवाद एकच: चाके तारांची, ट्यूबवाली असल्यामुळे पंक्चर म्हणजे चाक उतरविणे आलेच, म्हणून टायर उचकटण्याच्या पट्ट्या, आसाच्या नटाचा पाना आणि पंप सर्वांत वर. क्लचची जादा केबल तर त्याने चालू केबलीच्या शेजारीच ओवून बांधली होती. तुटलीच तर केवळ टोके बदलावयाची. ही युक्ती मला फार आवडली.

सायलेन्सरच्या बाजूची पिशवी नळीला चिकटणार नाही अशी तजवीज झाली, परवाना, आर. सी., विमा हे दस्तऐवज प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले गेले, आणि जोड्यांचा दुसरा जोड बाहेर काढून त्या जागी आईचा लाडवांचा डबा बसला. त्यात भारशास्त्राचा भंग मला तरी दिसला नाही.

नर्मदा उजव्या हाताला ठेवायची व ओलांडायची नाही, हा परिक्रमेचा दंडक. त्यामुळे तिलवाऱ्याला नदी ओलांडणारा नागपूरचा रस्ता वर्ज्य. उत्तर तीरावरून कुंडम, शहपुरा या वाटेने अमरकंटककडेच जावे लागते, आणि ते स्थान हजार मीटरहून उंच असल्यामुळे चातुर्मासानंतर निघणाऱ्याने लोकरीचे कपडे तळाशी गाडून चालत नाही. ग्वारीघाटावर संकल्पाच्या वेळी भरावयाची नर्मदाजलाची कुपी अद्याप रिकामी होती, तरी तिची जागा कोटाच्या आतल्या खिशात मुक्रर झालेली होती.

वाचकांपैकी कोणास निघावयाचे असेल, तर त्याने पूर्ण भरलेली गाडी आदल्या दिवशी दहा-वीस मैल खडबडीत रस्त्याने हाकून आणावी आणि मग प्रत्येक गाठ पुन्हा आवळावी.