उन्हाळाभर उभी गाडी आणि कार्बोरेटरमधला कचरा

उन्हाळ्याच्या सुटीत अमरावती-अकोल्यातील अनेक घरांना कुलूप लागते आणि जुनी दुचाकी दीड-दोन महिने एका जागी उभी राहते. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, आणि नेमकी त्या सकाळी कितीही किक मारली तरी गाडी सुरू होत नाही. असा दोष बहुधा इंजिनात नसून कार्बोरेटरमध्ये असतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या दुचाकींमध्ये फ्युएल इंजेक्शन आले. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत हवा व पेट्रोलचे मिश्रण कार्बोरेटरच तयार करतो. अरुंद मार्गातून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतील पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून वर ओढले जाते. वऱ्हाडात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचला की वाटीतील पेट्रोल उडून जाते, मागे डिंकासारखा थर उरतो आणि छिद्र बुजते. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाणारे इथेनॉल ओलावा शोषून घेत असल्याने उभ्या गाडीचा त्रास आणखी वाढतो.

चोक ओढल्यावर गाडी सुरू होऊन चोक बंद करताच थांबत असेल, तर स्लो जेट बुजल्याची शक्यता अधिक असते. दुरुस्ती इंजिन थंड असताना, मोकळ्या अंगणात आणि चूल, दिवा, विडी यांपासून दूर करावी. प्रथम पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीतील पेट्रोल डबीत काढावे. हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे लागले, ते लिहून ठेवावे. बसवताना तेवढेच फेरे मोकळे सोडावेत. रबरी भाग बाजूला ठेवून जेटवर क्लीनर फवारावा व हवेच्या दाबाने छिद्र मोकळे करावे. त्यात लोखंडी तार मात्र घालू नये. पितळ मऊ असल्याने छिद्र रुंदावते आणि गाडी कायमची जादा पेट्रोल पिऊ लागते.

जोडणी केल्यावर पेट्रोल गळत राहिल्यास फ्लोटची पिन झिजलेली असू शकते. अशा वेळी गाडी सुरू न करता मेकॅनिककडे न्यावी.

पुढच्या सुटीत ही वेळ टाळण्यासाठी निघण्याआधी अंगणात कॉक बंद करून गाडी आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावी. वाटी रिकामी राहिली, तर थर साचण्याचा प्रश्नच उरत नाही.